वाढत्या युरोपला राज्यघटना का हवी: ही बाजू मांडायची कशी

युरोपीय संघाला राज्यघटना हवी, हे वादविवादात, निबंधात किंवा परीक्षेच्या उत्तरात मांडायचं झालं की बहुतेक जण झेंड्यापासून सुरुवात करतात. बारा तारे, बेटोव्हनची धून, दोन महायुद्धांतून सावरलेला खंड. नमनालाच घडाभर तेल जातं. मग समोरचा शांतपणे म्हणतो, "फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी २००५ मध्येच अशा घटनेला नाही म्हटलंय की," आणि इकडे बोलती बंद होते.

ही बाजू भावनेवर टिकत नाही, हिशेबावर टिकते. सहा देशांच्या मापाने शिवलेले नियम सत्तावीस देशांना काचतात आणि उद्या विस्तार होऊन पस्तीस देश झाले तर त्यांच्या अंगात ते चढणारच नाहीत, हे आकड्यांत दाखवता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं जास्त अवघड आहे: ही घटना लागू कोणत्या मार्गाने करणार, याचं उत्तर खिशात असलं पाहिजे. ते नसेल तर बाकी सगळं भाषण वाया जातं.

आधी शब्द सरळ करा

मराठीत या विषयाची पहिली फसगत 'परिषद' या शब्दाने होते. सरकारप्रमुखांची बैठक म्हणजे युरोपियन कौन्सिल. देशोदेशीचे मंत्री बसून कायदे मंजूर करतात ती नुसती कौन्सिल. आणि कौन्सिल ऑफ युरोप ही स्ट्रासबर्गची ४६ देशांची संस्था तर युरोपीय संघाचा भागच नाही. तिन्ही 'युरोपीय परिषद' म्हणून लिहिल्या की उत्तर तिथेच कोसळतं. पहिलीला शिखर परिषद म्हणा, दुसरीला मंत्रिपरिषद, आणि तिसरीचं नाव आहे तसंच ठेवा. न्यायालयांचंही तेच. संघाचं न्यायालय लक्झेंबर्गला आहे. मानवी हक्कांचं न्यायालय स्ट्रासबर्गला, आणि ते कौन्सिल ऑफ युरोपचं.

दुसरी जोडी मात्र मराठीत फार सोयीची आहे. संघराज्य म्हणजे एकच राज्य, आत घटकराज्यं. राज्यसंघ म्हणजे स्वतंत्र राज्यांचा संघ. शब्द तेच, फक्त उलटे. जर्मनमध्येही नेमकं असंच आहे: बुंडेसश्टाट आणि श्टाटेनबुंड. युरोपीय संघ या दोन्हींत बसेना, म्हणून जर्मनीच्या घटना न्यायालयाने मास्ट्रिख्ट कराराबद्दलच्या १२ ऑक्टोबर १९९३ च्या निकालात 'श्टाटेनफरबुंड' हा मधला शब्द वापरला. तुमची बाजूही याच मधल्या जागेवर उभी करा. "युरोपचं संघराज्य व्हायला हवं" असं म्हणालात तर सिद्ध करायचं ओझं उगाच दुप्पट होतं. राज्यघटना मागायला आधी राज्य असावं लागतं असं नाही. सत्ता असली आणि तिच्या मर्यादा लिहून ठेवायची गरज असली की पुरे.

तिसरं, "युरोपला घटनाच नाही" असं कधीही म्हणू नका. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने १९६३ च्या व्हान गेंड एन लोस खटल्यात करारातून नागरिकांना थेट हक्क मिळतात असं ठरवलं. मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्टा यांनी १,९२५ लिऱ्यांचं वीजबिल भरायला नकार दिला, आणि त्या एवढ्याशा बिलावरून १९६४ मध्ये युरोपचा कायदा राष्ट्रीय कायद्यापेक्षा वरचढ ठरला. १९८६ मध्ये त्याच न्यायालयाने कराराला मूलभूत घटनात्मक सनद म्हटलं. म्हणजे घटना आहे. पण ती न्यायाधीशांनी तुकड्यातुकड्याने घडवलेली आहे, दोन करारांच्या ५५ आणि ३५८ कलमांत, ३७ प्रोटोकॉलांत आणि ६५ घोषणापत्रांत विखुरलेली आहे, आणि दुरुस्त करायला जवळपास अशक्य आहे. तुमचं पहिलं वाक्य हेच ठेवा. विरोधकाचा "पण घटना तर आहेच" हा हुकमी पत्ता त्याने टाकायच्या आधीच तुमच्या हातात येतो.

समोर कोणती कलमं हवीत

सगळं वाचायला जाऊ नका, कोणी वाचत नाही. युरोपीय संघाच्या करारातली सहा कलमं छापून घ्या: ७ (कायद्याचं राज्य मोडणाऱ्या सदस्यावर कारवाई), १४ (संसद), १६ (मंत्रिपरिषदेतलं मतदान), १७ (कमिशन, म्हणजे संघाचं कार्यकारी मंडळ), ४८ (करारदुरुस्ती) आणि ४९ (नवा सदस्य). त्यांच्या जोडीला २००४ च्या घटना-कराराचा, म्हणजे २००५ मध्ये नाकारल्या गेलेल्या घटनेचा, भाग १ आणि भाग ४. प्रत सध्याची एकत्रित आवृत्तीच घ्या. मास्ट्रिख्ट किंवा नीस या जुन्या करारांच्या काळातली प्रत हाती लागली तर कलमांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा खूप वेळा होते.

हिशेब मांडा, आणि तो फळ्यावर मांडा

सुरुवात लक्झेंबर्गपासून करा. हे उदाहरण लहान आहे आणि ऐकणारा ते विसरत नाही. १९५८ मध्ये मंत्रिपरिषदेत जर्मनी, फ्रान्स, इटली यांना प्रत्येकी ४ मतं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला २-२, लक्झेंबर्गला १. एकूण १७. कमिशनच्या प्रस्तावाला मंजुरी हवी तर १२. आता लक्झेंबर्ग वगळून कोणत्याही देशांची बेरीज करा. ती नेहमी समच येते: ८, १०, १२. अकरा कधीच येत नाही. म्हणजे लक्झेंबर्गचं एक मत अकराचे बारा करण्याच्या कामी कधी येऊच शकत नव्हतं. हातात मत होतं, पण अशा मतदानात त्याचं वजन शून्य.

मग १९७३ ची भरती घ्या. ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आले. ब्रिटन धरून चार मोठ्यांना १०-१०, बेल्जियम-नेदरलँड्सला ५-५, दोन नव्यांना ३-३, लक्झेंबर्गला २. एकूण ५८, मंजुरीला ४१. चार मोठे एकत्र आले की ४०, आणि लक्झेंबर्गने हात वर केला की ४२. एकूण मतांतला त्याचा वाटा घटला, पण ताकद शून्यावरून वर गेली. असं व्हावं हे कोणी ठरवलेलं नव्हतं. आकडे बदलले आणि ते आपोआप झालं. विस्ताराने सत्तेची वाटणी बदलते आणि ती कशी बदलेल हे तहाच्या घासाघिशीत कोणी नीट तपासत नाही, हा मुद्दा इथे तुमच्या पदरात पडला.

पुढची पायरी नकाराधिकाराची. परराष्ट्र धोरण, कर, बहुवार्षिक अंदाजपत्रक, नवा सदस्य, करारदुरुस्ती: इथे आजही सगळ्यांचा होकार लागतो. समजा, एखाद्या प्रस्तावाला प्रत्येक देश नाही म्हणण्याची शक्यता फक्त ५ टक्के आहे आणि कोणी कोणाकडे बघून मत देत नाही. मग सगळे हो म्हणण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा तेवढ्याच वेळा गुणाकार. ६ देशांना ती सुमारे ७३ टक्के येते, १५ ला ४६, २७ ला २५ आणि ३५ ला १७.

हे गणित दाखवताना एक खबरदारी घ्या. देश खरोखर असे एकमेकांपासून सुटे वागत नाहीत. सौदे होतात, दबाव येतो, एकटं पडायला कोणालाच आवडत नाही. हे तुम्हीच आधी सांगा. सांगितलं नाही तर समोरचा सांगेल आणि सगळा हिशेब संशयास्पद करून टाकेल. मग लगेच खरं उदाहरण द्या. उत्तर मॅसिडोनियाला उमेदवाराचा दर्जा २००५ मध्ये मिळाला. नावावरून ग्रीसने अडवलं. ग्रीसशी झालेल्या २०१८ च्या प्रेस्पा करारानंतर देशाने स्वतःचं नाव बदललं. २०१९ मध्ये फ्रान्सने थांबवलं. २०२० मध्ये इतिहास आणि भाषेच्या वादावरून बल्गेरियाने. पाच टक्के वगैरे सोडा, दर वेळी एकच नकार पुरला. आणि जो आत येतो त्याच्याही हाती पुढच्या उमेदवाराला अडवायची किल्ली येते; बल्गेरिया स्वतः २००७ मध्ये आला.

बहुमताच्या मतदानाचा आजचा नियम पाठ हवा: २७ पैकी किमान ५५ टक्के देश, म्हणजे १५, आणि त्यांत संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या. अडवायला किमान चार देश लागतात. जर्मनी, फ्रान्स आणि इटली या तिघांकडे ३५ टक्क्यांहून बरीच जास्त लोकसंख्या आहे, तरी तिघेच अडवू शकत नाहीत. हा नियम कुठून आला ते सांगायला विसरू नका. नीस करारात जर्मनीला २९ मतं आणि लोकसंख्येने त्याच्या निम्म्याहून लहान असलेल्या पोलंडला २७ मिळाली होती. डिसेंबर २००३ ची ब्रुसेल्सची बैठक याच वाटणीवरून फिसकटली. दुहेरी बहुमत घटना-करारात आलं, त्याच्या जागी आलेल्या लिस्बन करारात टिकलं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून चालू झालं. मतदारांनी नाकारलेल्या घटनेतला हा भाग आज रोज वापरात आहे.

संसद आणि कमिशनबद्दल दोन-दोन वाक्यं पुरेत. कलम १४ ने सदस्यसंख्येला ७५१ ची मर्यादा घातली आहे, २०२४ पासून ७२० जागा आहेत. म्हणजे एखादा मोठा देश आत आला की बाकीच्यांच्या जागा कमी करायच्या किंवा करार बदलायचा. जर्मनीत साधारण पावणेनऊ लाख लोकांमागे एक खासदार, माल्टात साधारण नव्वद हजारांमागे. कमिशन लहान करून सदस्यदेशांच्या दोन तृतीयांश करायचं असं कलम १७ मध्ये लिहिलेलं असूनही आजही प्रत्येक देशाचा एक आयुक्त आहे, कारण आयर्लंडने २००८ मध्ये लिस्बन करार नाकारल्यावर समजूत म्हणून ते सोडून दिलं गेलं.

कलम ७ वेगळं काढा, कारण इथे नियमातली फट सगळ्यांना दिसते. एखादा सदस्य संघाची मूल्यं गंभीरपणे आणि सतत मोडतो आहे असं ठरवायला तो सोडून बाकी सगळ्यांची संमती लागते. असे दोन देश एकाच वेळी असले तर? पोलंडविरुद्ध कमिशनने डिसेंबर २०१७ मध्ये प्रक्रिया सुरू केली, हंगेरीविरुद्ध संसदेने सप्टेंबर २०१८ मध्ये. एकाने दुसऱ्याला सांभाळलं की कलम जागच्या जागी थिजतं. पस्तीस देशांत अशी जोडी सापडणं अधिक सोपं, कठीण नव्हे.

२००५ चा नकार टाळू नका

तो स्वतःहून काढा आणि उघडून दाखवा. फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ यांच्या अध्यक्षतेखालच्या अधिवेशनाने फेब्रुवारी २००२ ते जुलै २००३ मध्ये घटनेचा मसुदा केला. २९ ऑक्टोबर २००४ ला रोममध्ये सह्या झाल्या. स्पेनने सार्वमतात हो म्हटलं. फ्रान्सने २९ मे २००५ ला सुमारे ५५ टक्क्यांनी नाही म्हटलं, नेदरलँड्सने १ जूनला साडेएकसष्ट टक्क्यांनी. जुलैत लक्झेंबर्ग हो म्हणालं, पण तोवर गाडं रुतलं होतं.

कारण समजायला कलमं मोजा. एकूण ४४८. भाग १, म्हणजे खरी घटना, ६० कलमांचा. भाग २, हक्कांची सनद, ५४. भाग ४, शेवटच्या तरतुदी, १२. उरलेली ३२२ कलमं भाग ३ ची: शेती, मत्स्यव्यवसाय, स्पर्धा, वाहतूक. ही बहुतेक आधीच्या करारांतून उचललेली होती आणि नकार मिळाला तरी लागू राहणारच होती. पण 'घटना' या नावाच्या दस्तऐवजात त्यांना बसवल्यावर मतदाराला वाटलं की बाजाराची धोरणं कायमची घटनेत कोरली जात आहेत. फ्रान्समधली बरीच लढाई याच भागावर झाली. ही मांडणीची चूक होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महागात पडली.

नंतर लिस्बन करार आला, १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. त्यातून काय काढलं याची यादी तोंडपाठ ठेवा: घटना हे नाव, झेंडा-गीत-बोधवाक्याचं कलम, परराष्ट्रमंत्री हे पदनाव, 'युरोपीय कायदा' ही संज्ञा, आणि युरोपच्या कायद्याच्या वरचढपणाचं कलम. शेवटची गोष्ट घोषणापत्र क्रमांक १७ मध्ये ढकलली. झेंडा कलमाशिवायही फडकतो आहे, त्यामुळे त्याचं दुःख करू नका. वरचढपणाचं मात्र तसं नाही. ७ ऑक्टोबर २०२१ ला पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने कराराच्या काही कलमांचा लावला जाणारा अर्थ आपल्या घटनेशी विसंगत ठरवला, तेव्हा कोणाचा शब्द शेवटचा यावर बोट ठेवावं असं कलमच मूळ मजकुरात नव्हतं.

नेमकं मागायचं काय

"घटना हवी" ही मागणी हवेतली आहे. ती चार ओळींत बसवा. ७०-८० कलमांचा छोटा मूळ मजकूर, ज्यात संस्था, अधिकारांची वाटणी, वरचढपणा आणि हक्क. धोरणांची सगळी कलमं वेगळ्या, खालच्या दर्जाच्या कायद्यात. मूळ मजकूर बदलायला कडक पण गाठता येईल असं बहुमत, उदाहरणार्थ चार पंचमांश देश आणि तेवढीच लोकसंख्या. आणि कलम ७ मध्ये ज्याच्यावर प्रक्रिया चालू आहे त्याचं मत दुसऱ्याच्या प्रकरणात धरू नये. चार पंचमांश म्हणजे आज २७ पैकी २२ देश. एवढी मतं जमवणं कठीण असलं तरी एकटा देश त्यात आडवा येऊ शकत नाही.

"सध्याच्या करारात पळवाट आहेच की" असं कोणीतरी म्हणेल. कलम ४८ च्या सातव्या परिच्छेदाने एकमताचे विषय बहुमताकडे नेता येतात हे खरं आहे. पण त्यासाठी शिखर परिषदेत एकमत लागतं, आणि सहा महिन्यांत एकाही राष्ट्रीय संसदेने हरकत घेतली की प्रस्ताव बाद. नकाराधिकार सोडायला नकाराधिकार असलेल्या प्रत्येकाची परवानगी, असा तो प्रकार आहे.

दोन आक्षेप, ज्यांना उत्तर द्यावंच लागतं

पहिला लोकांचा. घटना 'लोक' करतात, आणि युरोपचे असे एक लोक नाहीत. २४ अधिकृत भाषा, सामाईक वृत्तपत्रं नाहीत, सामाईक चर्चा नाही. जर्मन घटना न्यायालयाचे तेव्हाचे न्यायाधीश डीटर ग्रिम यांनी १९९५ मध्ये हा मुद्दा मांडला आणि तो वजनदार आहे. उडवून लावू नका. याचं चांगलं उत्तर तत्त्वज्ञ युर्गेन हाबरमास यांच्या बाजूने येतं: सामाईक लोक आधी तयार असावे लागतात असं नाही, सामाईक संस्था आणि निवडणुका चालवताना ते घडू शकतात. पण "घडतीलच" असं म्हणू नका. हमी दिलीत की ती सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते.

दुसरा लहान देशांचा: नकाराधिकार गेला तर आमचं काय उरतं? इथे लक्झेंबर्ग परत आणा. १९५८ मध्ये घासाघिशीतून ठरलेल्या आकड्यांनी त्याला पंधरा वर्षं पोकळ मत दिलं होतं. उलट १५ देशांची किमान अट, संसदेतली किमान सहा जागांची हमी, हे लहानांचं संरक्षण लिहिलेल्या नियमांत आहे. ते मूळ मजकुरात अधिक पक्कं करता येतं.

लागू करण्याचं कलम

घोडं पेंड खातं ते इथे. आजच्या कलम ४८ प्रमाणे घटना आणायची तर सर्व २७ देशांची मंजुरी हवी. एकमत मोडायला एकमत. चार पंचमांशांनी दोन वर्षांत मंजुरी दिली आणि कोणी अडकलं, तर विषय शिखर परिषदेकडे जातो एवढंच करार सांगतो. पुढे काय, ते नाही. तीन वाटा आहेत आणि तिन्हींच्या अडचणी तुम्हाला सांगता यायला हव्यात.

एक, सगळ्यांची मंजुरी. कायद्याने निर्दोष, पण २००५ ची पुनरावृत्ती व्हायची शक्यता मोठी. दोन, इटालियन खासदार आल्तिएरो स्पिनेल्ली यांचा मार्ग. युरोपीय संसदेने १४ फेब्रुवारी १९८४ ला २३७ विरुद्ध ३१ मतांनी मंजूर केलेल्या त्यांच्या मसुद्यात अशी तरतूद होती की बहुसंख्य देशांनी, ज्यांत एकूण लोकसंख्येचे दोन तृतीयांश लोक आहेत, मंजुरी दिली की त्या सरकारांनी एकत्र बसून लागू करण्याची तारीख आणि मागे राहिलेल्यांशी नातं ठरवायचं. धाडसी होता. सरकारांनी तो उचलला नाही.

तीन, जुन्या कराराला हात न लावता शेजारी नवा करार. याला अलीकडचा दाखला आहे: २ मार्च २०१२ ला २५ देशांनी सही केलेला वित्तीय शिस्तीचा करार. ब्रिटन आणि चेक प्रजासत्ताक बाहेर राहिले. युरो वापरणाऱ्या १२ देशांची मंजुरी पुरेल असं त्यातच लिहिलं होतं, आणि १ जानेवारी २०१३ ला तो लागू झाला. त्याची मर्यादाही लगेच सांगा: तो संघाच्या कायद्याशी विसंगत होऊ शकत नव्हता आणि संघाच्या संस्था त्यात मनासारख्या वापरता येत नव्हत्या. संपूर्ण घटना या वाटेने आणायची तर "जे नाही म्हणतील त्यांचं काय" हे आधी लिहावं लागेल: बाजारात राहतील पण मूळ मजकुराबाहेर, त्यांचे सध्याचे हक्क शाबूत, आणि नंतर हवं तेव्हा आत यायचा मार्ग खुला.

आठ मिनिटांचं भाषण असेल तर यासाठी पूर्ण दोन मिनिटं राखा, हिशेबाला तीन, २००५ ला दीड, आक्षेपांना एक, आणि सुरुवातीला अर्ध्या मिनिटाहून जास्त नको. वेळ कमी पडला तर संसदेच्या जागा आणि आयुक्तांची संख्या गाळा. लागू करण्याचं कलम गाळू नका, कारण परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात.